हस्तलिखितांवरील हरताळ आणि मंद फिल्म

पोथीच्या छायाचित्रावरून पाठ घेण्याची चाल आतां सार्वत्रिक झाली आहे. मूळ पत्रांस हात न लावतां काम होतें, हा तिचा मोठा गुण. परंतु फिल्मनें दाखविलें तेंच पोथींत आहे असा विश्वास आम्हीं एकदां ठेविला व फसलों. ती हकीकत संग्राहक बंधूंस सादर करितों.

भागवताच्या दशमस्कंधाची एक पोथी आम्ही जुन्या छायाचित्रांवरून ताडून पाहात होतों. फिल्म मंद जातीची, कण अतिसूक्ष्म. बोरूच्या फटकाऱ्याची कडही भिंगाखालीं स्वच्छ दिसे. अनेक पत्रांवर दोन-दोन, तीन-तीन अक्षरांएवढे काळे डाग होते. शाई सांडून अक्षरें लुप्त झालीं, अशी नोंद आम्हीं पाठभेदांत केली. पुढें मूळ पोथी पाहण्याचा योग आला, तों ते डाग पिवळेधमक! लेखकानें चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून तीं रद्द केलीं होतीं. जेथें पाठ हरवला म्हणून आम्हीं लिहिलें, तेथें हरवलेलें कांहींच नव्हतें. ('हरताळ फासणें' याचा अर्थ वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों, आणि प्रत्यक्ष हरताळ समोर असतां ओळखला नाहीं!) चौदा नोंदी खोडाव्या लागल्या.

दोष फिल्मच्या सूक्ष्मतेंत नव्हता, वर्णग्रहणांत होता. छायाचित्रणाचे रौप्यक्षार स्वभावतः निळा व जांभळा प्रकाशच जाणतात. विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास ते हिरवा-पिवळाही जाणूं लागतात, हें १८७३ सालीं बर्लिन येथें हेरमान फोगेल यांस आढळलें. त्याच वाटेनें पुढें सर्व रंग जाणणारी पँक्रोमॅटिक फिल्म निघाली. नकलांच्या कामीं मात्र केवळ निळा प्रकाश जाणणारी फिल्मही चालूं राहिली, कारण पांढऱ्या कागदावरील काळ्या शाईस तेवढें पुरतें. हरताळ निळा प्रकाश गिळतो. त्या ठिकाणीं निगेटिव्हवर चांदी जमत नाहीं आणि छापांत काळें उमटतें.

पँक्रोमॅटिक घेतली म्हणजे भागलें, असेंही नाहीं. ती तांबडा प्रकाश जाणते, त्यामुळें हिंगुळाचे दंड व पुष्पिका फिकट पडतात. यावर हिरवा फिल्टर उपयोगी. हिंगुळ हिरवा प्रकाश शोषतो म्हणून काळसर येतो. हरताळ तो परतवितो म्हणून उजळ राहतो.

तीच पोथी आम्हीं ५० आयएसओच्या इलफर्ड पॅन एफ फिल्मवर पुन्हां घेतली. ओसरीच्या सावलींत एफ ८ छिद्रास सेकंदाचा पंचविसावा हिस्सा पुरता. फिल्टरमुळें चौपट प्रकाश हवा, म्हणून सहावा हिस्सा धरिला. कॅमेरा अर्थातच तिवईवर. मंद फिल्मवर काळ्यापांढऱ्याचा भेद सहज प्रखर होतो, आणि कागदाचा वर्ण, पाण्याचा डाग, हरताळ यांतील तारतम्य बुडतें. यास्तव आयडी-११ डेव्हलपर समभाग पाणी घालून वापरला, २० अंशांस साडेआठ मिनिटें. वैशाखांत नळाचें पाणी बरेंच ऊन, तेव्हां टाकी बर्फाच्या पाण्यांत ठेवावी लागली. या फिल्मवरील अव्यक्त प्रतिमा लवकर मावळते. रीळ महिनोन् महिने तसेंच ठेवूं नये. छायाचित्रांवरून पाठ देणारांनीं फिल्मची जात व फिल्टर अवश्य नमूद करावा.

नव्या निगेटिव्हांच्या छापांत हरताळ कागदाइतकाच उजळ आला, आणि लेप विरळ होता तेथें खालचीं अक्षरेंही पुसट वाचतां आलीं. त्यांतील एक रद्द पाठ आम्हांजवळील दुसऱ्या प्रतीशीं अक्षरशः जुळतो. लेखकासमोर दोन आदर्श प्रती असाव्यात, असें त्यावरून वाटतें. उरलेल्या पत्रांची तपासणी चालू आहे.