४६ अंशांच्या गावातून उणे २७० ची गोष्ट

मे महिना आला की आम्हा पत्रकारांची एक बातमी ठरलेली. अकोल्याचा पारा किती अन् अमरावतीचा किती. पंचेचाळीस ओलांडला की पहिलं पान. आज मात्र अख्ख्या आकाशाच्या पाऱ्याबद्दल लिहितो.

१९६४. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बेल कंपनीचा कर्ण्यासारखा भलामोठा अँटेना. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यात एक खरखर ऐकू येई. अँटेना कुठंही फिरवा, ती जाईचना. आत कबुतरं राहत होती, त्यांची घाणही साफ केली. द्रव हेलियमनं थंड ठेवलेल्या उपकरणाशी तुलना केली, हवेचा अन् अँटेनाचा वाटा वजा केला. तरी साधारण साडेतीन केल्विन उरलेच. विश्वाच्या तप्त जन्माची ती उरलेली ऊब! आजचं माप २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७०.४ सेल्सिअस. दोघांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

या शोधाचा फटका बसला फ्रेड हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताला. अन् हॉईल यांचे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. महास्फोटाबद्दलची शंका सरांनी पुढंही सोडली नाही. १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली, २००३ पर्यंत सर तिचे संचालक.

आता खरी गंमत. डिसेंबर २००० मध्ये त्याच आयुकातले श्रीआनंद आणि त्यांचे दोन युरोपीय सहकारी यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. रेडिओ नाही, यावेळी चिलीतली मोठी दुर्बीण. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या वायूतले कार्बनचे अणू तपासून त्यांनी तेव्हाच्या आकाशाचा पारा काढला : ६ ते १४ केल्विनच्या मधे. महास्फोटाचं भाकीत होतं ९ च्या आसपास. जुन्या स्थिर विश्वात तो तेव्हाही आजच्याइतकाच असायला हवा होता. २००८ मध्ये श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडवरून आणखी नेमकं माप दिलं, ९.१५.

म्हणजे संचालकांना जे मत पटत नव्हतं, त्याला बळ देणारं काम त्यांच्याच संस्थेत झालं, अन् उजळ माथ्यानं छापून आलं.

आपल्याकडं? मागं एका संस्थेच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी सांगितलेल्या आकड्यावर मी एक साधा प्रश्न विचारला. तेव्हापासून निमंत्रणच बंद!

नारळीकर सरांचा फोटो आपल्या किती तरी शाळांत लागलेला असतो. फोटो राहू द्या बाप्पा, पण साहेबांचं चुकलं म्हणणाऱ्याला खुर्ची देणारी संस्था आपल्या वऱ्हाडात कोणती, तेवढं सांगा.