कंपाउंडची भिंत

पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली, की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. कॉर्ड लाइन होण्याआधी हा ठरलेला कार्यक्रम होता. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरायचे, चहा प्यायचे, नळावर बाटल्या भरायचे आणि समोर दिसेल ते वाचत उभे राहायचे. समोर भिंत असायची. मोबाइल नसलेल्या काळात स्टेशनातली भिंत हे फुकटचं वर्तमानपत्र होतं: बियाणं, बनियन, मूळव्याधीवरचा हमखास इलाज, कुठल्याशा पक्षाची घोषणा आणि तिच्यावर दुसऱ्या पक्षानं मारलेला चुन्याचा हात.

आज त्याच प्रकारच्या भिंतींवर चित्रं आहेत. दौंड असो की शिरूर, नगरपरिषदेचं कंपाउंड, शाळा, पाण्याची टाकी, पुलाचा खांब, सगळं रंगलेलं. आपण तिथे सेल्फी काढतो आणि पुढे जातो. गेले काही महिने मी चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाताना या भिंती मुद्दाम थांबून बघतो आहे. मला छळणारा प्रश्न असा, की गावाची म्हणून जी भिंत रंगवली जाते तिच्यावर काय येणार हे कोण ठरवतं? आणि आधी कोण ठरवत होतं?

ही दोन्ही गावं या प्रश्नासाठी फार चांगली आहेत, कारण दोन्ही बाहेरच्या माणसांनी भरलेली आहेत. दौंड वाढलं रेल्वेमुळे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग आधी झाला, मग १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि गावाचं जंक्शन झालं. शिरूर, म्हणजे जुन्या बोलण्यात घोडनदी, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजांच्या छावणीचं गाव. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच निघाली होती. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेसचं थडगं इथे आहे आणि आसपासचे लोक त्याला सत्पुरुष म्हणून मान देत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये सापडते. परका गोरा अंमलदारसुद्धा गावाला आपला करून घ्यावासा वाटला, तर गाव तसं करतं. आता रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसींनी आणखी माणसं आणली. 'समाजाचं चित्र' काढायचं, तर इथे आधी समाज कोणता ते विचारावं लागतं.

भिंतीवर चित्र काढण्याची आपली जुनी परंपरा सांगायची म्हटलं की लोक अजिंठ्याला जातात. मी इतका लांब जात नाही. पेशवाईपासून सुरुवात पुरे. शनिवारवाड्याच्या दालनांमधली चित्रं जयपूरच्या भोजराज नावाच्या चित्रकारानं काढली असं सांगतात; १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तीही गेली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात मात्र चुन्याच्या गिलाव्यावरची चित्रं अजून बघता येतात आणि चांदवडला होळकरांच्या रंगमहालातही. देव, अवतार, मिरवणुका, दरबार. सुंदर आहेत. पण ती भिंत धन्याची होती आणि चित्र बघायला मिळायचं ते आत प्रवेश असलेल्यालाच. आजचं कंपाउंडवरचं चित्र रस्त्याकडे तोंड करून असतं, हा फरक मोठा आहे.

रस्त्याकडे तोंड केलेली भिंत आपल्याकडे आधीपासून एकाच ठिकाणी होती: सामान्य माणसाच्या घरी. देशावर लग्न निघालं की घराला रंग द्यायचा आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, हत्ती, कलश, वर गणपती आणि खाली वधूवरांची नावं काढून घ्यायची. लग्न होऊन पाचसहा पावसाळे गेले तरी हत्तीची सोंड दिसत राहायची. नागपंचमीला बायका भिंतीवर नागोबा काढायच्या. हे चित्र काढणारीचं नाव कुठेही नसे, कारण विचारायची गरजच नव्हती; सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. चित्रकलेच्या इतिहासाच्या पुस्तकांनी या भिंतींना फारशी जागा दिली नाही. माझ्या मते गावाचं म्हणावं असं भित्तिचित्र आपल्याकडे हेच होतं.

मग सरकार आलं. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटी फवारणारी माणसं घरोघर जाऊन भिंतीवर तारखा, आकडे लिहून जाऊ लागली. साठच्या दशकाच्या अखेरीस कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. दीप त्यागी या अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली ही खूण: उलटा लाल त्रिकोण, आणि सोबत आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार चेहरे. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं हा हेतू, आणि तो साधला. दवाखाना, चावडी, शाळा, एसटी स्टँड, एकही भिंत सुटली नाही. आणीबाणीत त्याच त्रिकोणाची लोकांना धास्ती वाटू लागली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. भिंतीवरचं चित्र इतकं निरुपद्रवी कधीच नसतं, हे हसऱ्या चार चेहऱ्यांकडे बघताना मला नेहमी आठवतं.

हे सगळं रंगवत होता तो पेंटर. तालुक्याच्या गावात 'पेंटर' हे आडनावासारखं चालतं आणि त्याला मोठी वंशावळ आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. पण बहुतेक पेंटर गावातच राहिले. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तमाशाच्या फडाचे फलक, गणपतीतले देखावे, निवडणुकीतली चिन्हं. गेरूत दोरी बुडवून भिंतीवर ताणायची, चुटकी मारल्यासारखी सोडायची, की सरळ रेघ उमटते. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, भिंतीवर तितक्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. कुठल्याही आर्ट स्कूलची पायरी न चढता माणसं हे उत्तम करत होती.

नव्वदच्या दशकात त्यांच्यावर पहिला घाव बसला. टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त असताना भिंती रंगवण्यावर चाप लागला आणि १९९५ मध्ये महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा आला. कायदा गरजेचा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याबरोबर गावातली भांडणं भिंतीवरून हद्दपार झाली. दुसरा घाव फ्लेक्सचा, आणि तो जिव्हारी लागला. दिवसभराचं काम मशीन काही मिनिटांत करू लागलं, वर फोटोही हुबेहूब. वाढदिवसाच्या शुभेच्छा हाताने रंगवून घेणारा नेता आता शोधून सापडणार नाही.

आणि गंमत बघा, ज्या सरकारी यंत्रणेनं भिंत पुसली तिनंच पेंटरला परत बोलावलं. २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. बक्षिसासाठी गावांनी रस्ते झाडले, गटारं काढली आणि भिंती रंगवल्या. शाळांमध्ये 'बोलक्या भिंती' आल्या: पायरीवर पाढे, खिडकीच्या गजांवर बेरीज, दाराच्या खाली कोनमापक. इमारतच शिकवते, अशी ती कल्पना. कबीर वाजपेयी यांच्या 'विन्यास' संस्थेनं ती 'बाला' या नावानं मांडली होती. शिरूर, दौंडच्या वाड्यावस्त्यांवरच्या झेडपी शाळांमध्ये मला अजूनही सगळ्यात जिवंत भिंती दिसतात, कारण तिथे चित्राला काम असतं. पोरं त्यावर बोट ठेवून वाचतात, बोटाने रंग उडतो.

त्यानंतर २०१४ चं स्वच्छ भारत, २०१६ पासूनचं स्वच्छ सर्वेक्षण, २०२० चं माझी वसुंधरा. शहरांना गुण मिळू लागले आणि सुशोभीकरण हा गुण मिळवायचा एक मार्ग झाला. चित्र चौरस फुटावर मोजलं जाऊ लागलं. मुदत जवळ, भिंत लांब, दर कमी. अशा वेळी पेंटर काय करणार? मोबाइलवर आलेलं चित्र काढणार. दोन तळहातांमध्ये पृथ्वी, तिच्यातून उगवलेलं रोप. तोंडाचा नळ. शिवराज्याभिषेक. सावित्रीबाई. आणि वारली.

वारलीपाशी मला जरा थांबायचं आहे. पालघर, डहाणू, जव्हार भागात लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी. तो विधी आहे, सजावट नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, कागद आणि रंग दिले, आणि जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या बाहेरचं जग कागदावर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांच्या हातातली कला कागदावर येताना बरीचशी पुरुषांच्या हाती गेली, हेही त्याच गोष्टीत घडलं. आता तारपा वाजवणारा तो माणूस घोडनदीच्या काठी, भीमेच्या काठी, कुठेही दिसतो. तो सोपा आहे म्हणून: दोन त्रिकोण, एक गोल, चार रेघा. लांबच लांब भिंत झपाट्याने भरते. मला त्या आकृत्या आवडतात. पण ज्या मुलखात वारली राहत नाहीत, तिथे महाराष्ट्राची 'लोककला' म्हणून त्यांचं लग्न भिंतीवर लावायचं आणि इथल्या लग्नघरावरचा हत्ती मात्र गावठी म्हणून चुना मारून पुसायचा, हे मला विचित्र वाटतं.

शिकागोच्या साउथ साइडला १९६७ मध्ये एका पडक्या इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' उभी राहिली. कृष्णवर्णीय चित्रकारांनी आपल्या वस्तीत आपल्या नायकांची चित्रं काढली. कुणाचा चेहरा घ्यायचा, कुणाचा नाही, यावर खूप वाद झाले, काही भाग पुसून परत रंगवला गेला. काही वर्षांतच आग लागून इमारत पाडली गेली. तरीही सामुदायिक भित्तिचित्रांची चळवळ तिथूनच सुरू झाली असं मानतात. त्या भिंतीला मोल आलं ते वादामुळे. आपल्याकडेही असे वाद होऊ शकतात. आंबेडकरी वस्त्यांमधल्या निळ्या भिंती बघा: बाबासाहेब, बुद्ध, भीमा कोरेगावचा जयस्तंभ. त्यांना कुणी निविदा काढली नव्हती. वर्गणी काढली, रंग आणला, जयंतीच्या आदल्या रात्री जागून रंगवलं. चौकातल्या तालमीच्या भिंतीवरचा मारुती तसाच.

रेल्वेची उदाहरणं जवळची आहेत. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्टेशनांवर स्थानिक चित्रकारांनी ताडोबाचं जंगल रंगवलं आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभित स्टेशनांच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. वाघ तिथला, रंगवणारे तिथले. त्याच यादीतलं बिहारमधलं मधुबनी स्टेशन तिथल्याच कलावंतांनी, त्यात कितीतरी बायका, श्रमदान म्हणून रंगवलं. चित्र अप्रतिम. पण श्रमदान हा शब्द मला खटकतो. स्टेशनातली फरशी बसवणाऱ्याला कुणी श्रमदान मागत नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट शिरूर तालुक्यातच घडली. वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे, जवळच गोविंद गोपाळ यांची. महाराजांचे अंत्यसंस्कार कुणी केले, याच्या दोन कहाण्या तिथे नांदत आल्या. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्याविषयीच्या एका फलकावरून तणाव झाला, आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाच्या रस्त्यावर हिंसाचार होऊन एका तरुणाचा जीव गेला. त्यामागे पुष्कळ कारणं होती, सगळं एका फलकावर ढकलता येणार नाही. पण सार्वजनिक जागी लिहिलेल्या चार ओळींचं वजन काय असतं, हे या तालुक्याला माहीत आहे. मग एखाद्या मुख्याधिकाऱ्याला पृथ्वी आणि रोप सुरक्षित वाटलं, तर मी त्याला फार दोष देऊ शकत नाही.

तरीही कुणाशी भांडण न होता रंगवता येईल असं इथे खूप आहे. दौंडच्या भिंतीवर उलटं लागणारं इंजिन आणि चहा पिणारे प्रवासी मला कुठे दिसले नाहीत. भीमथडीचं तट्टू दिसलं नाही, ज्याच्या नावानं हा सगळा मुलूख ओळखला जात होता. पंडिता रमाबाई दिसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुलींना घेऊन त्या याच तालुक्यातल्या केडगावला आल्या आणि १९२२ मध्ये तिथेच वारल्या. शिरूरकडे पाबळची मस्तानीची कबर नाही, मोराच्या चिंचोलीचे मोर क्वचित. १९७२ चा दुष्काळ तर कुठेच नाही: दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो. हे सांगणारी माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. पेंटरला त्यांच्या ओट्यावर दोन दिवस बसवायचा खर्च चौरस फुटाच्या दरात धरलेला नसतो, आणि चित्राखाली नाव घालायला जागा सोडलेली नसते. मी पाहिलेल्या भिंतींपैकी मोजक्या भिंतींवर अगदी खालच्या कोपऱ्यात, गवतात लपलेली, पेंटरची सही आणि मोबाइल नंबर होता. पावसाचं पाणी उडून पोपडे आधी तिथेच सुटतात.