घुंगुरकाठीपासून मिरचीच्या फवाऱ्यापर्यंत

आगगाडी येण्यापूर्वी काशीयात्रेला निघणारा माणूस घरादाराची निरवानिरव करून निघत असे. देण्याघेण्याचा हिशेब मुलाला समजावून द्यायचा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे आणि वेशीपर्यंत पोचवायला आलेल्या मंडळींचा निरोप घ्यायचा. वर्ष-दीड वर्षाने तो परतला म्हणजे घरी मावंदे होई. मावंदे म्हणजे नुसते ब्राह्मणभोजन नव्हे. गेलेला माणूस धडधाकट परत आला, याचा तो सोहळा होता. परतणे हे गृहीत धरण्यासारखे नव्हते, म्हणून त्याचे मोल मोठे.

या वाटेवर भय होते ते कोणाचे? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. तो वाचताना जागोजाग धास्ती वाटते ती माणसांची. शिपाई, लुटारू, वाटमारे यांच्यापुढे रानातली श्वापदे फिकी पडतात. माणसाच्या भयावर तोड एकच, ती म्हणजे सोबत. म्हणून यात्रेकरू जथ्याने निघत, आणि एकट्याने वाट धरणाऱ्याला म्हातारीकोतारी मंडळी हटकत.

पण काहींना एकट्याने जाण्यावाचून गत्यंतर नसे. डाकेचा हरकारा हा त्यांतला एक. पाठीवर थैली घेऊन त्याने रात्री-अपरात्री जंगलातून धावायचे. त्याच्या हातातल्या काठीला किंवा भाल्याला घुंगरे बांधलेली असत. आपल्या कोकणातली घुंगुरकाठी ती हीच. अंधारात ती जमिनीवर आपटत चालले म्हणजे साप वाटेतून सरके आणि झुडपातले जनावर बाजूला होई. आपल्याला वाटते, ही जनावराला भिववण्याची युक्ती. खरे पाहता ती जनावराला वर्दी देण्याची युक्ती होती. बहुतेक वन्य प्राणी माणसाची चाहूल लागताच आपण होऊन टळतात. अनर्थ घडतो तो वळणावर दोघे अचानक समोरासमोर आल्यामुळे. पिले जवळ असलेली अस्वलीण किंवा शिकारीवर बसलेला बिबळ्या अशा वेळी पळत नाही, अंगावर येतो. घुंगुरकाठी म्हणजे 'मी येतो आहे, तू वाट दे' असा निरोप होता. मारण्याचे हत्यार ते नव्हेच, आणि त्यातच त्याचे शहाणपण होते.

हे शहाणपण एका ठिकाणी मात्र अपुरे पडले. गढवालात अलकनंदा आणि मंदाकिनी यांच्या संगमावर रुद्रप्रयाग वसले आहे. केदारनाथाची वाट येथून मंदाकिनीच्या काठाने वर चढते, बद्रीनाथाची अलकनंदेच्या काठाने. साऱ्या हिंदुस्थानातून आलेले भाविक त्या काळी ही वाट पायी चालत आणि रात्री वाटेवरच्या चट्टीत, म्हणजे गवताने शाकारलेल्या उघड्या छपरात, पाठ टेकत. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत याच टापूत एका नरभक्षक बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसे मारली. दिवस मावळला की गावेच्या गावे दारांना अडसर घालून बसत. दिवसा हसती-खेळती असलेली वाट रात्री स्मशानासारखी होई. सरकारने इनामे लावली, बंदुकांचे खास परवाने दिले, सापळे लावले, विषही घालून पाहिले. सारे व्यर्थ गेले.

अखेर जिम कॉर्बेट याने हे काम अंगावर घेतले. रात्रींमागून रात्री तो झाडावर, कड्यावर, पुलाच्या मनोऱ्यावर बसून राहिला. १९२६ सालच्या मे महिन्याच्या आरंभी गुलाबराय येथे, यात्रेकरूंच्या वाटेलगतच्या एका आंब्याच्या झाडावर तो बसला होता. खाली आमिष म्हणून एक बकरी बांधली होती आणि तिच्या गळ्यात घंटा होती. काळोखात ती घंटा एकाएकी जोराने वाजली. कॉर्बेटने विजेची बत्ती पेटवली, गोळी झाडली आणि त्या वाटेवरचे आठ वर्षांचे मरण संपले. वाटसरूच्या काठीला जे घुंगरू, तेच एका अर्थाने येथेही कामी आले.

पण खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. सकाळी उजेडात कॉर्बेटने पाहिले तो समोर कोणी राक्षस नव्हता. झिजलेल्या दातांचा एक म्हातारा बिबळ्या तेवढा पडला होता. निसर्गाच्या कायद्याने त्याचा काही अपराध नव्हता, अपराध होता तो माणसाच्या कायद्याने, असे कॉर्बेटने पुढे आपल्या पुस्तकात नमूद केले. तो नरभक्षक का झाला, याचेही उत्तर त्याने दिले आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. डोंगरातल्या गावांत इतकी माणसे दगावली की प्रत्येकाला चिता रचून अग्नी देणे अशक्य झाले. मृताच्या मुखात निखारा ठेवायचा आणि देह दरीत लोटून द्यायचा, एवढाच संस्कार उरला. बिबळ्या मेलेले मांसही खातो. दरीत त्याला माणसाच्या मांसाची चटक लागली, आणि साथ ओसरल्यावर आयते अन्न मिळेनासे झाले, तेव्हा तो जिवंत माणसांकडे वळला. कॉर्बेटची उपपत्ती ही अशी. थोडक्यात, जनावराला ती सवय माणसानेच लावली, मग नाइलाजाने का होईना.

गढवालच्या लोकांना दोष कोण देईल? त्यांच्यावर आकाश कोसळले होते. पण हीच चूक जेथे साथ नव्हती, दुष्काळ नव्हता, उलट सुबत्ता होती, अशा देशात निव्वळ करमणुकीखातर झाली. तो देश अमेरिका.

अमेरिकेने १८७२ साली यलोस्टोन येथे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. तेथल्या हॉटेलांचे खरकटे उकिरड्यावर टाकले जाई आणि ते खायला अस्वले जमत. ती पाहायला माणसेही जमू लागली. मग सर्कशीसारखी बाके मांडण्यात आली. संध्याकाळी प्रवासी बाकांवर बसत, वनरक्षक माहिती सांगत आणि समोर ग्रिझली अस्वले उष्ट्यावर ताव मारीत. रस्त्याच्या कडेला काळी अस्वले भिकाऱ्यासारखी उभी राहत आणि मोटारीतली मुले त्यांना खाऊ देत. या कौतुकाची किंमत अशी की, १९३१ ते १९६९ या काळात त्या एका उद्यानात अस्वलांकडून दर वर्षी सरासरी अठ्ठेचाळीस माणसे जखमी होत.

त्याच सुमारास अमेरिकेत एक नवी यात्रा सुरू झाली होती. १९२१ साली बेंटन मॅकाय याने सुचवलेली आणि १९३७ साली पुरी झालेली अ‍ॅपलाचियन पायवाट ही जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगराच्या धारेने जाणारी दोन हजार मैलांहून लांब वाट आहे. तिच्या शेवटी ना देऊळ ना तीर्थ. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा एक तरुण ती एकट्याने एका दमात चालून गेला. महायुद्धातून तो परतला होता आणि त्याचा जिवलग मित्र त्या युद्धात कामी आला होता. १९५५ साली त्याच वाटेवर एक आजीबाई निघाल्या. एमा गेटवूड त्यांचे नाव, वय सदुसष्ट, अकरा मुलांची आई. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. आदल्या वर्षी त्या मेनच्या रानात वाट चुकल्या होत्या, चष्मा फुटला होता, आणि वनरक्षकांनी त्यांना घरी जायला सांगितले होते. पुढच्या वर्षी मुलांना 'फिरायला जाते' एवढेच सांगून त्या पुन्हा निघाल्या आणि मे ते सप्टेंबरात सारी वाट एकट्याने पार केली. या बाईंनी संसारात नवऱ्याच्या हातचा अमानुष मार वर्षानुवर्षे सोसला होता आणि अखेर घटस्फोट घेतला होता. अस्वले आणि सर्प असलेल्या अरण्यात त्यांनी निर्धास्त पाठ टेकली. सुरक्षितपणा म्हणजे चार भिंती, असे समजणाऱ्या आपणा सर्वांना त्यांची ही पदयात्रा बरेच काही सांगून जाते.

रानात जाणाऱ्यांची संख्या अशी वाढत होती आणि अस्वलांना उष्ट्याची सवय लावणेही थांबले नव्हते. दोन्हींची गाठ एक ना एक दिवस पडणारच होती. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, एकमेकांपासून काही मैलांवरच्या दोन जागी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी तंबूबाहेर निजलेल्या दोन तरुण मुलींचा बळी घेतला. दोघीही एकोणीस वर्षांच्या. १९१० साली उद्यान सुरू झाल्यापासून तेथे अस्वलाने माणूस मारल्याचे कधी घडले नव्हते. चौकशीत निष्पन्न झाले ते लाजिरवाणे होते. एका जागी विश्रामगृहाच्या मागे पाहुण्यांच्या मौजेसाठी रोज खरकटे टाकले जात होते. दुसऱ्या जागचे अस्वल साऱ्या उन्हाळाभर तंबूंतले अन्न पळवीत होते आणि तक्रारी होऊनही कोणी हालचाल केली नव्हती. ते अस्वल पुढे मारले गेले, तेव्हा त्याच्या दाढांत काचेचे तुकडे रुतलेले आढळले. माणसाचा कचरा त्याने खाल्ला होता, तो असा. दोन कोवळे जीव गेले, आणि त्यांच्यामागून ती अस्वलेही गेली.

त्या रात्रीनंतर अमेरिकेचे डोळे उघडले. आपला कचरा आपणच परत न्यायचा, असा दंडक झाला. यलोस्टोनमधले शेवटचे उकिरडे १९७० साली बंद झाले. मात्र हे एकाएकी झाल्याने उपाशी अस्वले वस्त्यांत शिरली आणि कित्येक मारली गेली. हे टप्प्याटप्प्याने करावे, असे अस्वलांचा अभ्यास करणारे क्रेगहेड बंधू आधीपासून बजावीत होते. १९७५ साली ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. मग हळूहळू घडी बसली. आज यलोस्टोनच्या परिसरात ग्रिझलींची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि उद्यानात जखमी होणाऱ्यांची सरासरी वर्षाला एकावर आली आहे. अस्वले वाढली आणि अपघात घटले. जनावर कमी केल्याने माणूस सुरक्षित होतो, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते?

आजचा एकटा पदयात्री तेथे कोणते नियम पाळतो, ते पाहिले की आपल्या घरातल्या जुन्या वस्तू आठवतात. निजायच्या जागेपासून दूर स्वयंपाक करायचा आणि उरलेले अन्न पिशवीत घालून उंच फांदीला टांगायचे. आपल्या आजीचे शिंके ते हेच. फरक एवढाच की लोणी चोरायला येणारा येथे बाळकृष्ण नव्हे. काही उद्यानांत अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या घट्ट डब्यात ठेवणे सक्तीचे आहे. पिशवीला घंटा बांधण्याची चालही तेथे होती. पण छोट्या घंटेची किणकिण फार दूर पोचत नाही. म्हणून वळणावर मोठ्याने बोलावे, टाळ्या वाजवाव्यात, असे जाणते सांगतात. निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवायचे. आमच्या काशीकराची निरवानिरव याहून वेगळी ती काय होती?

आणि एवढे करूनही अस्वल अंगावर आलेच तर? १९८० नंतरच्या दशकात मोंटाना विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर उपाय शोधला तो मिरचीचा. मिरचीतले तिखट सत्त्व डबीत दाबून भरायचे आणि जनावर तीसएक फुटांवर आले की त्याच्या तोंडासमोर फवारायचे. डोळ्यांची नि नाकाची आग होऊन ते मागे फिरते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते. अलास्कात १९८५ ते २००६ या काळात घडलेल्या प्रसंगांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की फवाऱ्याने दहांपैकी नऊ वेळा अस्वलाला थोपवले आणि फवारा वापरणारी बहुतेक सर्व माणसे सहीसलामत सुटली. काही भाबडी माणसे मात्र अंगारा लावावा तसा तो तंबूवर आधीच शिंपडून ठेवतात. वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलाला उलट ओढून आणतो!

मिरची ही मूळची अमेरिकेचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती गोव्यात उतरली, म्हणून मुंबईकडे तिला गोवाई मिरची म्हणत. आपण तिचा ठेचा केला. तिच्या माहेरच्या लोकांनी तिच्यात अहिंसेचे शस्त्र पाहिले. पोपट मिरच्या मिटक्या मारीत खातो, कारण पक्ष्यांना तिचे तिखट लागत नाही. सस्तन प्राण्यांना मात्र ते झोंबते. निसर्गाने झाडाच्या रक्षणासाठी केलेली ही योजना आता दोन प्राण्यांचे एकमेकांपासून रक्षण करते आहे.

हा धडा आपल्याला परका नाही. २००४ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या बोरिवलीच्या रानाभोवती बिबळ्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. वस्तीच्या कडेचा कचरा, त्यावर जगणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा बिबळ्या, ही साखळी मग लोकांच्या ध्यानात आली. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसले की पकडलेले बिबळे परक्या रानात नेऊन सोडल्यावर तेथले हल्ले कमी न होता वाढले. घरापासून तोडलेले जनावर, घरापासून तोडलेल्या माणसासारखेच, बिथरते.

आज नर्मदेची परिक्रमा एकट्याने करणारे आहेत, सह्याद्रीच्या धारेवरून एकटे चालणारे तरुण-तरुणीही आहेत. त्यांना भिऊ नका असे सांगावे आणि बेफिकीरही राहू नका असे सांगावे. खाऊचा कागद रानात टाकू नये, माकडाला बिस्किट देऊ नये, अंधारात गप्प चालू नये. या साध्या गोष्टी आहेत. पण रुद्रप्रयागच्या दरीत आणि ग्लेशियरच्या उकिरड्यावर जे घडले, त्याचे सारे सार यांत आले. पूर्वी वाटसरू एकटा घरी परतला की मावंदे होई. यापुढे वाटसरू घरी पोचावा आणि जनावर आपल्या रानात राहावे. दोघांचेही कुशल असेल, तरच यात्रा सुफळ झाली म्हणायची.