जिप्समच्या आडचा फोम

1937 मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन सिद्ध केले, आणि पुढच्या तीन दशकांत हे द्रव्य व पॉलिस्टायरिन यांचा फोम, म्हणजे असंख्य सूक्ष्म कप्प्यांत वायू कोंडून ठेवणारे हलके प्लास्टिक, अमेरिकेतील घरांच्या व शीतगृहांच्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून शिरला. तो कितपत पेट घेतो हे ठरवणारी तेव्हाची एक प्रचलित चाचणी मात्र नवल वाटावे इतकी किरकोळ होती. जाळीवर आडव्या ठेवलेल्या वीतभर पट्टीच्या एका टोकाला ज्योत लावायची, आणि आग ठरावीक खुणेपर्यंत पोहोचण्याआधी विझली तर त्या मालावर ‘आपोआप विझणारा’ अशी मोहोर उमटायची.

खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि छत एकमेकांवर उष्णता फेकत राहतात, तिथे तोच फोम कसा वागेल याचा या पट्टीवरून काहीच बोध होत नसे. अल्बर्ट स्टायनर यांनी विकसित केलेली बोगद्याची चाचणी, जिच्यात सुमारे 7.6 मीटर लांबीचा नमुना वरच्या बाजूस बसवून ज्वालेचा प्रसार तांबड्या ओकच्या लाकडाशी ताडून पाहतात, तीही येथे फसत असे. कारण पॉलिस्टायरिन वितळून खाली गळे आणि आकडा बेताचाच निघे. 1 नोव्हेंबर 1970 रोजी फ्रान्समधील सँ-लोराँ-द्यु-पाँ येथील नृत्यगृहात, जिथे गुहेसारखी सजावट पॉलियुरेथेनची होती, 146 जण मृत्युमुखी पडले. 1973 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम-उत्पादकांवर, त्यांच्या व्यापारी संघटनेवर आणि चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेवरही दिशाभुलीचा ठपका ठेवला. पुढच्या वर्षी झालेल्या तडजोडीत उत्पादकांनी 50 लाख डॉलरचा संशोधन-निधी देण्याचे मान्य केले.

त्या दशकाच्या मध्यापासून इमारत-संहितांनी जो मार्ग पत्करला, तो व्यवहारी होता. फोमच्या स्वतःच्या ज्वालाप्रसारावर मर्यादा घातली गेली खरी, पण संहितांची खरी भिस्त होती ती खोली आणि फोम यांच्यामध्ये पंधरा मिनिटे टिकणारा ‘औष्णिक अडसर’ उभा करण्यावर. अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर जाडीचा साधा जिप्सम बोर्ड या कामाला मान्य ठरला, आणि त्यामागचे कारण त्याच्या घडणीतच आहे: जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणी असते, आणि त्याची वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. अन्य पदार्थ वापरायचा झाल्यास, प्रमाणित भट्टीत पंधरा मिनिटांनंतर त्याच्या मागील बाजूची सरासरी तापमानवाढ सुमारे 139 अंश सेल्सियसच्या आत राहावी लागते.

पुढे फवारणीचा फोम आला आणि बोर्ड ठोकण्याची कटकट टाळण्यासाठी उष्णतेने फुगून कोळशासारखा थर धरणारे रंग आले. अशा रंगाला मान्यता मिळते ती विशिष्ट फोमाशी असलेल्या त्याच्या जोडीला आणि विशिष्ट जाडीला, तीही बहुधा पूर्ण आकाराच्या खोलीत आग लावून पाहिल्यावर. म्हणूनच रंगारी ओल्या थरात कंगव्यासारखी दातेरी पट्टी टोचून, कितवा दाता रंगला यावरून जाडी मोजत पुढे सरकतो.