शेव्हरोले व्होल्ट : मालकी व चार्जिंगचा खर्च

अमेरिकेतील जनरल मोटर्सची प्लग-इन हायब्रिड मोटार. विक्री डिसेंबर २०१० पासून. उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद. बॅटरी घरच्या विजेवर भरायची. ती उतरली की पेट्रोल इंजिन चालू होते. पुढील आकडे मुख्यतः २०११ च्या मॉडेलचे.

किंमत : सुरुवातीला सुमारे ४१,००० डॉलर. त्यावर केंद्र सरकारची कमाल करसवलत ७,५०० डॉलर. ती पूर्ण मिळायला १६ युनिटांची (किलोवॉट-तास) बॅटरी लागे, आणि व्होल्टची बॅटरी नेमकी तेवढीच होती. सवलत प्राप्तिकरातून वळती होई. ज्याचा कर त्याहून कमी, त्याची उरलेली रक्कम बुडे. म्हणून ३३,५०० डॉलर ही निव्वळ किंमत प्रत्येकाला लागू नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये किंमत ५,००० डॉलरने उतरली. प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा होत होता का, याविषयी मतभेद आहेत.

चार्जिंग : सरकारी चाचणीनुसार एका भरणीत ३५ मैल (५६ किमी), आणि १०० मैलांना ३६ युनिट. म्हणजे एका भरणीला भिंतीतून साडेबारा युनिटांच्या आसपास वीज जाते. बॅटरीत साठवलेल्यातील साधारण १० युनिटच गाडी वापरते. मधली गळती मीटरवर पडतेच, त्यामुळे हिशेब बॅटरीचा नव्हे, मीटरचा धरावा. वीज युनिटला १२ सेंट असेल, तर १०० मैलांना ४.३२ डॉलर. इंजिनावर गॅलनला ३७ मैल. प्रीमियम पेट्रोल (या पिढीला तेच लागे) ४ डॉलर धरले, तर १०० मैलांना १०.८१ डॉलर. या भावाला वीज ३० सेंटांपर्यंत परवडते. पेट्रोल ३ डॉलरवर आले की ही मर्यादा साडेबावीस सेंटांवर उतरते. महाग विजेच्या भागात, रात्रीचा स्वस्त दर न घेता गाडी लावणाऱ्याची बचत इथेच संपते.

घरगुती १२० व्होल्टच्या सॉकेटवर भरणीला सुमारे १० तास, २४० व्होल्टवर ४. पुढच्या मॉडेलांत गाडी आपणहून ८ अँपिअरच ओढे. १२ हवे असतील तर चालकाला पडद्यावर निवडावे लागे. ही काळजी रास्त आहे. जुन्या घरातला ढिला सॉकेट रात्रभराच्या भाराने तापतो. प्लगला हात लावून पाहिले तरी कळते. त्यामुळे वायरिंग बदलण्याचा खर्चही गाडीच्याच खात्यात मांडायला हवा.

शिळे पेट्रोल : रोज चार्ज करणाऱ्याचे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून राहते. इंजिन सुमारे दीड महिना चालले नाही, तर गाडी ते थोडा वेळ चालवायला सांगते. इंधनाचे सरासरी वय वर्षापलीकडे गेले, तर ते जाळून संपवते. टाकी अर्धीच भरणे यावरचा सोपा उपाय. कडाक्याच्या थंडीत बॅटरी भरलेली असूनही इंजिन सुरू होते.

देखभाल : बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैल. हमीनंतर बॅटरी बदलण्याच्या खर्चाचे अंदाज फार वेगवेगळे आहेत.

दुसरी पिढी (२०१६) : बॅटरी १८.४ युनिट, पल्ला ५३ मैल, साधे पेट्रोल चालते.

भारत : १ ऑगस्ट २०१९ पासून निव्वळ विद्युत वाहनांवर जीएसटी ५ टक्के, प्लग-इन हायब्रिडला हा दर लागू नाही.