नेटिव्ह कुठलं तुमचं?

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात शेकडो वेळा विचारला जातो. माझं ठरलेलं उत्तर: नाटे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. समोरचा तिकडचाच निघाला तर गप्पा रंगतात, नाहीतर "जैतापूर माहितीये ना, त्याच्या समोर, खाडीच्या पलीकडे" असं सांगावं लागतं. ('मी नाट्याचा' म्हटलं की नाटकात काम करतो असं समजणारेही भेटतात. असो.)

मागे आमच्या टीममधल्या एका चिनी सहकाऱ्याने विचारलं, की नेटिव्ह हे तर विशेषण. मग तुम्ही लोक 'आय ॲम गोइंग टू माय नेटिव्ह' असं कसं म्हणता? आणि तेही हसत हसत? त्याला शाळेत 'नेटिव्ह स्पीकर' शिकवला होता, नोकरीत 'नेटिव्ह ॲप' भेटलं. पण माणसांना उद्देशून हा शब्द जपून वापरायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. चिनी भाषेत त्याचा एक अर्थ 'थूचू' होतो. त्यातला 'थू' म्हणजे माती. मातीतला माणूस, आदिवासी, थोडासा मागासलेला असा त्याचा वास. त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणून वीकांताला जरा खोदकाम केलं.

मूळ लॅटिन, अर्थ 'जन्मजात'. नेशन, नेचर हे त्याचेच भाऊबंद. शब्द तसा निरुपद्रवी. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी राजापुरात वखार घातली, तेव्हा त्यांची गलबतं नाट्यावरूनच खाडीत शिरत असणार. पण त्या काळी ते इथे परवानगी मागून राहणारे व्यापारी होते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं आणि वखारवाल्यांना कैदेत टाकलं. तेव्हा कुणाला 'नेटिव्ह' म्हणून हिणवण्याची त्यांची टाप नव्हती.

सत्ता आली आणि शब्दाचं वजन बदललं. पलटणी 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री', संस्थानं 'नेटिव्ह स्टेट्स', शाळा काढणारी मंडळी 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (पोंभुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं) या सोसायटीचे 'नेटिव्ह सेक्रेटरी' झाले. एवढा विद्वान माणूस, पण पदापुढे ते शेपूट होतंच. गंमत म्हणजे दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८६४ मध्ये मुंबईत इंग्रजी-मराठी पत्र काढलं, त्याचं नावच 'नेटिव्ह ओपिनियन'! तुम्ही आम्हाला नेटिव्ह म्हणता ना, मग घ्या, नेटिव्हांचं मत ऐका. निदान मला तरी त्या नावात हा ताठा ऐकू येतो.

पुढे १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून रान पेटलं. नेटिव्ह न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा की नाही, एवढाच मुद्दा, पण त्यावरून गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. तो वादही एका अर्थी या विशेषणाचाच. १८८५ मध्ये पलटणींच्या नावातून 'नेटिव्ह' गळला. काँग्रेस स्थापन झाली तेही तेच वर्ष, पण हा योगायोग समजा.

मला सगळ्यात आवडलेला तुकडा १८७० च्या कायद्यातला आहे. ब्रिटिश पार्लमेंटने 'नेटिव्ह ऑफ इंडिया' याची चक्क व्याख्या केली: हिंदुस्थानातल्या राणीच्या मुलखात जन्मलेला, तिथेच कायम वस्ती असलेला, आणि ज्याचे आईबाप तात्पुरते नव्हे तर नेहमीचे इथे राहणारे आहेत असा. रंगाचा, जातीचा उल्लेख नाही. त्यामुळे अँग्लो-इंडियन लोकही कायद्याने नेटिव्ह ठरले, आणि ते त्यातल्या अनेकांना मुळीच रुचलं नाही. आता हा नियम मला लावून बघा. जन्म मुंबईचा, आईबाप मुंबईत नेहमीचे राहणारे. म्हणजे मी नाट्याचा नेटिव्ह नाहीच!

चिनी नियमाने मात्र वाचतो. तिकडच्या फॉर्मवर 'चिग्वान' असा रकाना असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर नेटिव्ह प्लेस असंच करतात, आणि तिथे आजोबांचं गाव लिहायचं असतं. बोलताना ते 'लाओच्या' म्हणतात, शब्दशः जुनं घर. हे ऐकल्यावर आमच्या सहकाऱ्याला 'माय नेटिव्ह' लगेच कळलं.

आपल्याकडे विशेषणाचं असं नाम झालं ते, माझ्या मते, मुंबईमुळे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं गिरण्यांत, गोदीत, पोलिसात भरती झाली. गावाकडे मनिऑर्डरी जायच्या आणि शिमग्या-गणपतीला माणसं. गाव आणि राहण्याची जागा वेगळी झाली तेव्हाच फॉर्मवर दोन रकाने लागले. 'प्लेस' हळूहळू गळून पडलं.

पण एक गोष्ट बघा. नाट्यात राहणारा माणूस नेटिव्ह हा शब्द वापरतच नाही. तो नुसता 'गाव' म्हणतो. नेटिव्ह असतं ते सोडून गेलेल्यांना. राहिलेल्यांसाठी पेपरवाल्यांचा वेगळा शब्द आहे, 'स्थानिक'. माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा तो रोज छापून यायचा: स्थानिकांचा विरोध, स्थानिकांची समजूत. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात साखरीनाट्याचा एक तरुण मारला गेला. त्या आठवड्यात मला ऑफिसात तिघा-चौघांनी विचारलं, "अरे, हे तुझं नेटिव्ह ना?" मी हो म्हणालो. प्रकल्प हवा की नको यावर आमच्यासारख्या मुंबईकरांची मतं भरपूर होती, ठाम होती, आणि खाडीत जाळं टाकायला आमच्यातलं कुणीच जाणार नव्हतं. मुंबईतल्या चहाच्या टेबलावर चाललं होतं ते नेटिव्ह ओपिनियन म्हणायचं की नाही, हे मंडलिकांनाच विचारायला हवं.