कबुलीजबाब

बी.एड. झाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली. संशय दुसऱ्या एका मुलावर होता. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, दरडावलं, अब्बांना बोलावतो म्हणालो. दहा मिनिटांत तो म्हणाला, "हो सर, मीच घेतली." दुसऱ्या दिवशी पेटी ज्याची त्याच्याच घरी सापडली. "मग कबूल का केलंस?" मी विचारलं. "तुम्ही सोडतच नव्हता, सर."

देशाच्या सुरक्षेचे कायदे वाचताना मला तो मुलगा आठवतो.

पोलिसांच्या छळाबद्दल मद्रासच्या चौकशी आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. हा नियम परक्या सरकारने केला, कारण आपल्या पोलिसांची सवय त्याला माहीत होती. आपल्याकडे फिक्हमध्येही जबरदस्तीने घेतलेला इक्रार बहुतेक फुकहा मानत नाहीत.

हा नियम मोडला तो स्वतंत्र भारतात. १९८७ च्या टाडा कायद्याच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम टिकवलं, पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींना ते मान्य नव्हतं. १९९५ मध्ये टाडा संपला. मात्र १९९९ मध्ये महाराष्ट्राने मोक्का केला आणि कलम १८ मध्ये तीच तरतूद आणली. २००२ च्या पोटातही ती होती. २००४ मध्ये पोटा रद्द झाला, तेव्हा यूएपीए कडक केला गेला, पण पोलिसांपुढची कबुली त्यात घेतली नाही. मोक्कात ती आजही आहे.

याचा हिशोब आपल्या आसपासच मांडता येतो. संगमनेरहून दोन तासांवर नाशिक. तिथल्या टाडा न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये अकरा मुस्लिमांना निर्दोष सोडलं. त्यांना अटक झाली होती १९९४ मध्ये. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मोक्काखाली नऊ मुस्लीम तरुण धरले गेले, कबुलीजबाब नोंदले गेले. २५ एप्रिल २०१६ ला त्यांतले हयात असलेले आठ जण आरोपमुक्त झाले. त्याच वर्षीच्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडताना कबुलीजबाबांवर विश्वास ठेवला नाही. काही मजकूर तर एकमेकांशी जुळणारा होता. निकाल दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी सांगितलं. अपील तिथे गेलं आहे.

हा प्रश्न फक्त आपला आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. २००८ च्या मालेगाव स्फोटात आरोपी हिंदू होते. त्यांच्यावरही मोक्का लागला, नंतर तो काढला गेला, आणि त्याखाली नोंदलेले कबुलीजबाब निकामी झाले. ३१ जुलै २०२५ ला सातही जण सुटले. तेव्हा आपल्यातल्या काहींना वाटलं, कबुली होती ना, मग सुटले कसे? नाशिकच्या अकरांसाठी आपण जो नियम मागतो, तो त्या सातांसाठीही मागावा लागतो. नाहीतर आपण न्याय मागत नाही, फक्त आपली बाजू घेतो.

"मग बॉम्ब ठेवणाऱ्याला मोकळं सोडायचं का?" असं कोणी विचारेल. मी उलट विचारतो : इतक्या कबुल्या घेऊन मालेगावच्या त्या सहा मयतांच्या घरच्यांना काय मिळालं? सतरा वर्षांनी फक्त "निर्दोष" हा शब्द. कबुली हातात आली की तपास तिथेच थांबतो. माझाही थांबला होता. ज्याची पेटी होती, त्याचं दप्तर नीट तपासायला, घरी विचारायला मी सांगितलंच नव्हतं.

त्या मुलाची मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. वर्षानुवर्षं तुरुंगात घालवलेल्यांची माफी कोण मागणार?